परजीवी-बाधित पेशी केव्हा आणि कशी मरते: प्रयोगशाळेत शोध घेण्याची पद्धत

परजीवीचा संसर्ग झालेल्या पेशी मेल्या, एवढ्या निरीक्षणावरून परजीवीने त्यांना मारले असे ठरत नाही. आणि त्या जगल्या, म्हणून परजीवीने त्यांना वाचवले असेही ठरत नाही. पेशीने परजीवीचा प्रसार थांबवण्यासाठी स्वतःचा नाश ओढवून घेतलेला असू शकतो, परजीवीने बाहेर पडताना पेशी फोडलेली असू शकते, किंवा संवर्धनाच्या माध्यमातील एखाद्या अशुद्धीने पेशी मेलेली असू शकते, आणि या तिन्ही वेळी सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे दृश्य बरेचसे सारखेच असते. परजीवी, यजमान पेशीचा मृत्यू आणि प्रतिकारयंत्रणेचा प्रतिसाद यांचा संबंध प्रथमच तपासू पाहणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आणि नव्या संशोधकांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. पेशीसंवर्धनाची प्राथमिक कौशल्ये वाचकाला अवगत आहेत असे येथे गृहीत धरले आहे.

प्रश्न आधी नेमका करावा

‘अमुक परजीवी अपोप्टोसिस (पेशीचा शिस्तबद्ध, नियोजित मृत्यू) रोखतो का?’ हा प्रश्न जसा विचारला जातो तसा त्याला उत्तर नसते. पेशीच्या आत वाढणाऱ्या बहुतेक परजीवींना पेशी कायमची जिवंत नको असते. त्यांना स्वतःची वाढ पूर्ण होईपर्यंत अवधी हवा असतो. टॉक्सोप्लाझ्मा गोंडीचा टॅकीझोइट (त्याची झपाट्याने वाढणारी अवस्था) साधारण सहा ते आठ तासांत दुप्पट होतो, म्हणजे एका पेशीत बत्तीस परजीवी व्हायला दीड दिवसाच्या आसपास वेळ लागतो. तेवढा काळ तो पेशीला अनेक प्रकारच्या मृत्युसंकेतांपासून सुरक्षित ठेवतो आणि नंतर स्वतःच ती फोडून बाहेर पडतो. हिवतापाच्या परजीवीची यकृतातील अवस्था याहून गुंतागुंतीची आहे. यकृतपेशी जवळजवळ मृतावस्थेत जाते, आपल्या जागेवरून सुटते आणि तिचे मेरोझोइटांनी (परजीवीच्या नव्या पिढीने) भरलेले तुकडे रक्तवाहिनीत पडतात. मात्र मरणाऱ्या पेशीच्या बाह्य पटलावर एरवी दिसणारे फॉस्फॅटिडिलसेरीन हे लिपिड त्या तुकड्यांवर दिसत नाही, त्यामुळे भक्षक पेशी त्यांना ओळखत नाहीत. गोवंशातील थायलेरिया तर पांढऱ्या पेशीला अमर्याद विभाजनास लावतो: तो पेशीद्रवात उघडा राहून आपल्या पृष्ठभागावर आयकेके या यजमान विकराचे संकुल गोळा करतो आणि त्यामुळे एनएफ-कप्पा-बी हा जगण्याचा संकेत सतत चालू राहतो. बुपार्वाक्वोन या औषधाने परजीवी मारला की तीच पेशी अपोप्टोसिसने मरते. दुसऱ्या टोकाला एन्टामीबा हिस्टोलिटिका आहे. जिवंत पेशीचे लचके तोडून तिला मारण्याची त्याची रीत २०१४ मध्ये उजेडात आली आणि त्यात पेशी वाचवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

म्हणून प्रयोगवहीत प्रश्न लिहिताना त्यात चार गोष्टी असाव्यात: कोणती पेशी (बाधित, की शेजारची अबाधित), संसर्गानंतर कोणत्या तासाला, मृत्यूचा कोणता मार्ग, आणि त्या मृत्यूची खबर प्रतिकारयंत्रणेला कोणत्या रूपात पोहोचते. या चारपैकी एकही गोष्ट मोघम राहिली, तर पुढील सर्व मोजमापे अचूक असूनही निष्कर्ष मोघमच राहतो.

मृत्यूच्या मार्गांची उजळणी

अपोप्टोसिसचे पहिले सविस्तर वर्णन कर, वायली आणि करी यांनी १९७२ मध्ये केले. त्यात कॅस्पेज विकरे पेशीची शिस्तीने विल्हेवाट लावतात, पेशीपटल शेवटपर्यंत अखंड राहते आणि अवशेष भक्षक पेशी गिळतात. दाह सहसा होत नाही. नेक्रॉप्टोसिसमध्ये आरआयपीके-१ आणि आरआयपीके-३ यांच्यामार्फत एमएलकेएल हे प्रथिन पटल फोडते. हा मार्ग मुख्यतः कॅस्पेज-८ चे काम थांबले असता उघडतो, म्हणजेच अपोप्टोसिस रोखणाऱ्या आक्रमकाविरुद्धचा तो पेशीचा राखीव उपाय मानता येतो. पायरॉप्टोसिसमध्ये इन्फ्लमासोम या धोका ओळखणाऱ्या प्रथिन-संकुलातून कॅस्पेज-१ जागे होते, गॅस्डर्मिन-डी या प्रथिनाचा तुकडा पटलाला छिद्रे पाडतो आणि इंटरल्यूकिन-१ बीटा व इंटरल्यूकिन-१८ बाहेर पडतात. लोहावर अवलंबून असलेल्या लिपिड-ऑक्सिडीकरणाने होणारा फेरॉप्टोसिस २०१२ पासून वेगळा मार्ग म्हणून ओळखला जातो. परजीवींच्या बाबतीत त्याचा तपास करायचा झाल्यास फेरोस्टॅटिन-१ ने मृत्यू कमी होतो का, एवढे पाहून सुरुवात करावी.

मार्ग वेगळा असल्यास प्रतिसादही वेगळा होतो, आणि परजीवीच्या दृष्टीने हाच खरा मुद्दा आहे. शांतपणे मेलेली पेशी गिळणाऱ्या मॅक्रोफेज या भक्षक पेशीमधून टीजीएफ-बीटा आणि इंटरल्यूकिन-१० यांसारखे दाह शमवणारे घटक स्रवतात. फुटून मेलेली पेशी मात्र आजूबाजूला धोक्याचा इशारा देते.

पेशी निवडताना

येथे घाई सर्वांत महाग पडते. हाताशी असलेली सेल लाइन वापरण्याचा मोह होतो, परंतु कर्करोगातून मिळालेल्या बहुतेक सेल लाइन्समध्ये मृत्यूची यंत्रणा आधीच बिघडलेली असते, कारण मृत्यू टाळणे हा त्या पेशींच्या अनिर्बंध वाढीचाच भाग असतो. हेला पेशींमध्ये विषाणूच्या ई-६ प्रथिनामुळे पी-५३ (नुकसान झालेल्या पेशीला मृत्यूकडे नेणारे प्रथिन) टिकत नाही आणि आरआयपीके-३ ची निर्मिती होत नाही, म्हणून त्यांच्यात नेक्रॉप्टोसिस दिसला नाही याचे श्रेय परजीवीला देता येत नाही. एमसीएफ-७ पेशींत कॅस्पेज-३ नसते. टीएचपी-१ पेशींना मॅक्रोफेजसारखे बनवण्यासाठी पीएमए हे रसायन देतात, पण ते स्वतःच एनएफ-कप्पा-बी जागृत करते. त्यामुळे रसायन काढून टाकल्यावर पेशींना किमान एक ते दोन दिवसांची विश्रांती द्यावी आणि मगच संसर्ग करावा. शक्य असेल तेथे अस्थिमज्जेपासून वाढवलेले मॅक्रोफेज किंवा रक्तातून वेगळ्या केलेल्या मोनोसाइटांपासून बनवलेले मॅक्रोफेज वापरावेत. कोणतीही पेशी निवडली, तरी अभ्यासाच्या मार्गातील प्रथिने तिच्यात आहेत हे वेस्टर्न ब्लॉटने आधी पाहून घ्यावे. मायकोप्लाझ्माची चाचणीही याच टप्प्यावर करावी, कारण तो जिवाणू पेशीमृत्यू आणि सायटोकाइन्स (पेशींनी स्रवलेली संकेत-प्रथिने) या दोन्हींची मोजमापे बिघडवतो.

उंदीर आणि माणूस यांतील फरकाचाही याच वेळी विचार करावा. उंदराच्या पेशी टॉक्सोप्लाझ्माच्या प्रोफिलिनला टीएलआर-११ ने ओळखतात; माणसात हे ग्राही कार्यक्षम स्वरूपात नाही. उंदराच्या पेशींत इंटरफेरॉन-गॅमामुळे तयार होणारी आयआरजी प्रथिने परजीवी ज्यात राहतो ती रिक्तिका फोडतात आणि परजीवीची आरओपी-१८ व आरओपी-५ ही प्रथिने त्या आयआरजींना निष्प्रभ करतात. माणसात या प्रथिनकुळाचा फारच थोडा भाग उरला आहे आणि मानवी पेशींचा भर ट्रिप्टोफॅन तोडणाऱ्या आयडीओ विकरावर व जीबीपी प्रथिनांवर अधिक असतो. म्हणून उंदराच्या पेशींतील उत्तर मानवी रोगाला लावण्यापूर्वी ते मानवी पेशींत पुन्हा मिळवावे लागते. एकाच प्राण्याच्या दोन वंशांतही फरक असतो: लुईस वंशाच्या उंदरांचे, म्हणजे रॅटचे, मॅक्रोफेज टॉक्सोप्लाझ्मा शिरताच एनएलआरपी-१ इन्फ्लमासोममुळे झपाट्याने मरतात आणि परजीवीची वाढ खुंटते, तर ब्राउन नॉर्वे वंशाच्या रॅटमध्ये तसे होत नाही.

संसर्ग मोजून द्यावा

एका पेशीमागे सरासरी एक परजीवी असे प्रमाण ठेवले आणि सर्व परजीवी आत शिरले असे मानले, तरी पॉइसाँ वितरणानुसार सुमारे ३७ टक्के पेशी अबाधित राहतात आणि सुमारे २६ टक्के पेशींत दोन किंवा अधिक परजीवी जातात. अशा संपूर्ण वेलचा (संवर्धनाच्या थाळीतील एका खळग्याचा) एकत्रित अर्क काढून कॅस्पेज मोजणे म्हणजे दोन वेगळ्या लोकसंख्यांची सरासरी काढणे होय. बाधित पेशी सुरक्षित आणि शेजारच्या अबाधित पेशी मरत असतील, तर एकत्रित आकडा ‘थोडासा मृत्यू’ असे सांगेल, आणि ते दोन्ही गटांच्या बाबतीत चुकीचे असेल. म्हणून फ्लुओरोसंट प्रथिन व्यक्त करणारा परजीवी वापरावा आणि फ्लो सायटोमेट्रीत (एकेक पेशी मोजणाऱ्या तंत्रात) किंवा सूक्ष्मदर्शकाखाली बाधित व अबाधित पेशी वेगवेगळ्या मोजाव्यात.

अबाधित दिसणारी पेशी खरोखरच अस्पर्शित असते असेही नाही. टॉक्सोप्लाझ्मा काही पेशींत आपल्या रॉप्ट्री या स्रावकोशांतील प्रथिने सोडतो, पण स्वतः आत शिरत नाही. उपकरण अशा पेशींना अबाधित ठरवते, पण त्यांच्यातील संकेत बदललेले असतात. शेजारच्या पेशींचा निष्कर्ष महत्त्वाचा असेल, तर सच्छिद्र पडद्याने विभागलेल्या कक्षांत केवळ स्रावांचा परिणाम वेगळा तपासावा.

परजीवी स्वच्छ असणे हेही मापनाचाच भाग आहे. फायब्रोब्लास्टमध्ये वाढवलेल्या टॅकीझोइटांसोबत फुटलेल्या पेशींचा कचरा येतो आणि तो कचरा एकटाच मॅक्रोफेजना चेतवतो. गाळणीने तो काढावा आणि नियंत्रण गटाला परजीवीविरहित पण तशाच पद्धतीने फोडलेल्या पेशींचा अर्क द्यावा. जिवाणूंच्या एलपीएसची (त्यांच्या आवरणातील दाहकारक रेणूची) शंका असेल, तर त्याला निष्प्रभ करणारे पॉलिमिक्सिन-बी घालून प्रतिसाद टिकतो का ते पाहावे.

नियंत्रण गट

उष्णतेने मारलेला परजीवी, विकिरणाने विभाजन थांबवलेला पण आत शिरणारा परजीवी, आणि परजीवीएवढ्या आकाराचे लॅटेक्स मणी, असे तीन गट बहुतेक प्रयोगांना पुरतात. पहिल्या गटातून केवळ रेणूंची ओळख, दुसऱ्यातून प्रवेश, आणि तिसऱ्यातून काहीतरी गिळण्याच्या क्रियेचा परिणाम वेगळा काढता येतो. टॉक्सोप्लाझ्माबाबत चौथा गटही उपयुक्त ठरतो: सायटोकॅलेसिन-डी दिलेला परजीवी पेशीला चिकटतो आणि रॉप्ट्रीतील प्रथिने आत सोडतो, परंतु स्वतः प्रवेश करू शकत नाही.

परजीवी पेशीला मृत्यूपासून वाचवतो हे दाखवायचे असेल, तर मृत्यू घडवणारे काहीतरी द्यावेच लागते, आणि येथे एक सापळा आहे. नेहमी वापरले जाणारे स्टॉरोस्पोरिन हे कायनेज विकरांचे व्यापक अवरोधक असल्याने ते परजीवीच्या कायनेजांनाही बाधते. टीएनएफ या मृत्युसंकेतासोबत दिले जाणारे सायक्लोहेक्झिमाइड परजीवीचेही प्रथिननिर्माण थांबवते. दोन्ही वेळी परजीवी मुळातच संरक्षण देत नाही म्हणून पेशी मेली, की त्या रसायनाने परजीवी संरक्षण देण्यास असमर्थ ठरला म्हणून मेली, हे सांगता येत नाही. फास या मृत्युसंकेत घेणाऱ्या ग्राहीला जोडणारा प्रतिपिंड केवळ यजमान पेशीवर काम करतो, म्हणून पहिली पसंती त्याला द्यावी. तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) मार्गाची परीक्षा घ्यायची असेल, तर बीसीएल-२ कुळातील प्रथिनांना रोखणारे एबीटी-७३७ सारखे रेणू वापरावेत, कारण एकपेशीय परजीवींमध्ये त्या कुळातील प्रथिने आढळलेली नाहीत. कोणताही घटक वापरला, तरी त्या मात्रेने परजीवीची वाढ मंदावत नाही हे दाखवणारे मोजमाप सोबत असावे. ते नसलेला निबंध वाचताना मी तरी निष्कर्षाकडे संशयानेच पाहतो.

मोजमापे आणि त्यांतील फसगती

एकाच चाचणीवर मृत्यूचा मार्ग ठरवू नये. परजीवींच्या अभ्यासात हा नियम अधिक काटेकोरपणे पाळावा लागतो, कारण प्रत्येक प्रचलित चाचणीत परजीवी स्वतःही मोजला जाण्याची शक्यता असते.

ॲनेक्सिन-५ (बाहेर आलेल्या फॉस्फॅटिडिलसेरीनला चिकटणारे) आणि प्रॉपिडियम आयोडाइड (फाटलेल्या पटलातून आत शिरणारा रंग) यांची जोडी सर्वांत सोयीची आहे. ॲनेक्सिन धन आणि आयोडाइड ऋण पेशी अपोप्टोसिसच्या आरंभी असतात असे सामान्यतः मानले जाते. मात्र ॲनेक्सिन लीशमॅनियाच्या पृष्ठभागावरही चिकटते. पेशीच्या बाहेर चिकटून राहिलेले काही परजीवी त्या पेशीला ‘मरणासन्न’ ठरवण्यास पुरेसे होतात. म्हणून पेशी धुतल्यानंतर बाहेरचे परजीवी वेगळ्या प्रतिपिंडाने रंगवून ते वगळावेत आणि केवळ परजीवींना ॲनेक्सिन दिल्यावर किती संकेत मिळतो तेही पाहावे.

एलडीएच विकर पेशीबाहेर आले, तर पेशीपटल फाटले असे समजतात. प्लाझ्मोडियम आणि टॉक्सोप्लाझ्मा या दोघांकडे स्वतःचे एलडीएच आहे. हिवतापाची एक जलद चाचणी परजीवीच्या याच विकरावर आधारलेली असते. शिवाय टॉक्सोप्लाझ्मा पेशी फोडून बाहेर पडतो तेव्हा पायरॉप्टोसिस नसतानाही एलडीएच वाढते. म्हणून परजीवी बाहेर पडण्यापूर्वीचे नमुने घ्यावेत, किंवा थेट चित्रीकरणात आधी पटल फाटले की आधी परजीवी हलू लागले हे पाहावे.

ट्युनेल चाचणी डीएनएची मोकळी टोके रंगवते. नेक्रोसिसमध्ये आणि दुरुस्ती चालू असलेल्या डीएनएतही ती धन येते, हे सर्वश्रुत आहे. ट्रिपॅनोसोमा व लीशमॅनिया यांच्या गटात आणखी एक अडचण येते: त्यांच्या कायनेटोप्लास्टमधील (तंतुकणिकेतील डीएनएच्या जाळ्यातील) नुकत्याच द्विगुणित झालेल्या लहान वलयांत नैसर्गिक फटी असतात आणि त्याही रंग घेतात. रंग यजमानाच्या केंद्रकात आहे की परजीवीत, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय केवळ फ्लो सायटोमेट्रीच्या आकड्यावर विसंबू नये. हिवतापाच्या रक्तातील अवस्थेला ही चाचणी मुळातच लागू पडत नाही, कारण परिपक्व लाल पेशीत केंद्रकही नसते आणि तंतुकणिकाही नसतात.

सर्वांत भरवशाचा पुरावा प्रथिनांच्या तुकड्यांतून मिळतो. कॅस्पेज-३ चा १७ आणि १९ किलोडाल्टनचा तुकडा अपोप्टोसिसकडे, गॅस्डर्मिन-डीचा सुमारे ३० किलोडाल्टनचा अग्रखंड पायरॉप्टोसिसकडे, आणि मानवी पेशींत ३५८ व्या तर उंदराच्या पेशींत ३४५ व्या सेरीनवर फॉस्फेट लागलेले एमएलकेएल नेक्रॉप्टोसिसकडे बोट दाखवते. प्रतिपिंड परजीवीच्या प्रथिनांना जोडला जात नाही ना, हे पाहण्यासाठी ब्लॉटमध्ये केवळ परजीवींच्या अर्काची एक लेन अवश्य ठेवावी. मरणाऱ्या पेशी तळापासून सुटून माध्यमात तरंगतात, म्हणून चिकटलेल्या पेशींसोबत तरंगत्या पेशीही गोळा कराव्यात; त्या टाकून दिल्या, तर मोजायचा तोच गट प्रयोगाबाहेर जातो.

अवरोधके वापरताना

झेड-व्हॅड हे सर्व कॅस्पेजांचे अवरोधक म्हणून विकले जाते, पण ते कॅथेप्सिनसारख्या इतर सिस्टीन प्रोटिएजांनाही रोखते आणि अनेक परजीवींचे जगणे त्याच कुळातील विकरांवर अवलंबून असते. त्याचा दुसरा परिणाम असा, की कॅस्पेज-८ थांबल्यामुळे काही पेशी अपोप्टोसिस सोडून नेक्रॉप्टोसिसकडे वळतात. मृत्यूची टक्केवारी तीच राहिली, म्हणून कॅस्पेजांचा संबंध नाही असा निष्कर्ष काढण्यापूर्वी मार्ग बदलला का ते तपासावे.

नेक्रोस्टॅटिन-१ बाबत विशेष सावधगिरी हवी. ते आरआयपीके-१ ला रोखते, पण त्याच वेळी आयडीओ विकरालाही रोखते. मानवी पेशींत टॉक्सोप्लाझ्माला उपाशी ठेवण्याचे एक प्रमुख साधनच आयडीओ आहे. अशा प्रयोगात परजीवी वाढले, तर ते नेक्रॉप्टोसिस थांबल्यामुळे की ट्रिप्टोफॅन उपलब्ध झाल्यामुळे, याचा उलगडा होणार नाही. आयडीओला न बाधणारे नेक्रोस्टॅटिन-१एस उपलब्ध असताना जुने रसायन वापरण्याचे कारण उरत नाही. नेक्रोसल्फोनामाइड मानवी एमएलकेएलवर काम करते, उंदराच्या एमएलकेएलवर नाही; शिवाय ते गॅस्डर्मिन-डीलाही बाधते. रसायनांच्या या मर्यादा पाहता अंतिम पुरावा म्हणून आरआयपीके-३, एमएलकेएल, गॅस्डर्मिन-डी किंवा कॅस्पेज-८ चे जनुक काढलेल्या पेशींतच प्रयोग पुन्हा करावा. कॅस्पेज-८ एकटे काढल्यास पेशी नेक्रॉप्टोसिसने मरू शकतात, म्हणून तेव्हा आरआयपीके-३ ही सोबत काढलेले असावे.

वेळेची मांडणी

एका ठरावीक तासाला घेतलेला नमुना या विषयात फारसा उपयोगी नसतो. किमान तीन टप्पे निवडावेत: प्रवेशानंतरचे पहिले काही तास, वाढीचा मध्य, आणि परजीवी बाहेर पडण्याच्या अगोदरचा काळ. क्रिप्टोस्पोरिडियम आतड्याच्या पेशींना आरंभी वाचवतो आणि नंतर त्यांत अपोप्टोसिस दिसू लागतो. दोन प्रयोगशाळांनी वेगवेगळ्या तासांना नमुने घेतले, तर एकीला ‘रोखतो’ आणि दुसरीला ‘घडवतो’ असे उत्तर मिळेल आणि दोघींचेही बरोबर असेल. थेट चित्रीकरणाची सोय असल्यास प्रत्येक पेशीचा इतिहास नोंदता येतो आणि हा वाद बराचसा मिटतो.

प्रतिकारयंत्रणेचा प्रतिसाद मोजणे

मृत्यू आणि प्रतिसाद हे दोन वेगळे प्रकल्प समजू नयेत. ज्या वेलमध्ये मृत्यू मोजला, त्याच वेलमधील माध्यमात सायटोकाइन्स मोजावीत. इंटरल्यूकिन-१ बीटा मोजताना अनेक एलायझा संचांना ३१ किलोडाल्टनचे अपक्व आणि १७ किलोडाल्टनचे पक्व रूप यांतील भेद नीट कळत नाही. पेशी कोणत्याही कारणाने फुटली, तरी अपक्व रूप बाहेर येते. पक्व रूपाची खात्री ब्लॉटने करावी. इंटरल्यूकिन-१२, इंटरफेरॉन-गॅमा, इंटरल्यूकिन-१० आणि टीजीएफ-बीटा यांची मोजणी नेहमीच्या पद्धतीने होते, फक्त टीजीएफ-बीटाबाबत माध्यमातील सीरममधूनही तो घटक येतो हे लक्षात ठेवून सीरमविरहित नियंत्रण ठेवावे.

मृत पेशी कोण गिळतो आणि गिळल्यावर त्याचे काय होते, ही पायरी अनेकदा वगळली जाते. माझ्या मते संपूर्ण विषयातील सर्वांत समृद्ध भाग हाच आहे. लीशमॅनिया मेजर प्रथम न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशीमध्ये शिरतो आणि त्याचा एरवी काही तासांत होणारा अपोप्टोसिस लांबवतो; पुढे तो न्यूट्रोफिल मरू लागला की मॅक्रोफेज त्याला शांतपणे गिळतो, टीजीएफ-बीटा स्रवतो आणि परजीवी आपल्या कायमच्या घरात धोक्याचा इशारा न होता पोहोचतो. येथे परजीवी मृत्यू आधी पुढे ढकलतो आणि नंतर त्याच मृत्यूचा उपयोग करतो. ट्रिपॅनोसोमा क्रूझीच्या संसर्गात मोठ्या संख्येने मरणाऱ्या लिम्फोसाइटांना मॅक्रोफेज गिळतात, तेव्हा प्रोस्टाग्लँडिन-ई-२ आणि टीजीएफ-बीटा वाढतात व त्याच मॅक्रोफेजमधील परजीवी जोमाने वाढतो. सायक्लोऑक्सिजिनेज रोखणारी औषधे दिली असता ही वाढ घटते, असे २००० मध्ये दाखवण्यात आले. येथे मरणारी पेशी एक आणि लाभ होणारा परजीवी दुसऱ्याच पेशीत, म्हणून केवळ बाधित पेशींवर नजर ठेवणाऱ्याला हे कधीच दिसले नसते.

हा टप्पा तपासण्यासाठी मरणाऱ्या पेशींना आम्लात चमकणारा रंग लावावा आणि त्या ताज्या मॅक्रोफेजना द्याव्यात. एक गट चार अंश सेल्सिअसला ठेवल्यास गिळण्याची क्रिया थांबते आणि केवळ चिकटलेल्या पेशींचा संकेत वजा करता येतो. त्यानंतर गिळलेल्या आणि न गिळलेल्या मॅक्रोफेजांना वेगळे करून त्यांतील सायटोकाइन्स व परजीवींची संख्या मोजावी. टी पेशींचा प्रतिसाद पाहायचा असल्यास, परजीवीत ओव्हॅल्ब्युमिन व्यक्त करून त्याला ओळखणाऱ्या टी पेशींचे विभाजन मोजणे ही रुळलेली रीत आहे. बाधित पेशी कशा मेल्या यावर त्या प्रतिजनाचे सादरीकरण कसे बदलते, हे त्यातून समजते.

परजीवीचा जबाबदार रेणू शोधणे

संरक्षण खरे असेल, तर ते देणारे प्रथिन काढल्यावर नाहीसे झाले पाहिजे. टॉक्सोप्लाझ्मामध्ये केयू-८० हे दुरुस्तीचे जनुक नसलेल्या स्ट्रेन आणि क्रिस्पर तंत्र यांमुळे हे काम सुकर झाले आहे. जनुक काढल्यावर दिसलेला बदल तेच जनुक परत घालून नाहीसा होतो हे दाखवणे अनिवार्य आहे. ते नसेल, तर उत्परिवर्ती परजीवी केवळ हळू वाढतो म्हणून पेशी वेगळी वागते, ही शक्यता उरते.

दोन प्रथिनांचे कार्य एकमेकांना झाकून ठेवू शकते, हेही ध्यानात असावे. टॉक्सोप्लाझ्माची आयएसटी आणि एनएसएम ही दोन्ही प्रथिने यजमानाच्या केंद्रकात जाऊन इंटरफेरॉनने सुरू होणारी जनुके दाबतात आणि दोन्ही नसतील तेव्हाच पेशीचा नेक्रॉप्टोसिस ठळकपणे दिसतो. एकाच जनुकाच्या उत्परिवर्तात फरक दिसला नाही, म्हणून ते प्रथिन निरुपयोगी ठरवण्याची घाई करू नये. इंटरफेरॉन दिलेल्या आणि न दिलेल्या अशा दोन्ही स्थितींत तपास करावा. स्ट्रेनची निवडही निष्कर्ष बदलते. जीआरए-१५ मुळे एनएफ-कप्पा-बी जागृत होण्याचा परिणाम दुसऱ्या प्रकारच्या (टाइप-२) स्ट्रेनमध्ये स्पष्ट असतो, तर आरओपी-१६ मुळे एसटीएटी-३ व एसटीएटी-६ दीर्घकाळ सक्रिय राहणे हे पहिल्या व तिसऱ्या प्रकारांत (टाइप-१ व टाइप-३) आढळते.

कृमींच्या बाबतीत पद्धत थोडी बदलते. त्यांपैकी बहुतेक पेशीत शिरत नाहीत, म्हणून त्यांचे स्राव गोळा करून पेशींना द्यावे लागतात आणि स्रावात जिवाणूंचे एलपीएस अनेकदा असते, त्यामुळे शुद्ध केलेल्या पुनर्संयोजित प्रथिनाने निष्कर्ष पक्का करावा. हेलिग्मोसोमॉइडीस पॉलिगायरस या आतड्यातील कृमीचे एचपी-एआरआय हे प्रथिन येथे आदर्श उदाहरण ठरते. पेशी नेक्रोसिसने मरते तेव्हा इंटरल्यूकिन-३३ हा धोक्याचा संकेत बाहेर पडायला हवा. हे प्रथिन मृत पेशीत शिरते, एका बाजूने डीएनएला व दुसऱ्या बाजूने इंटरल्यूकिन-३३ ला धरते आणि संकेत आतच अडकवून ठेवते. पेशी मेली, तिच्या मृत्यूचा मार्गही बदलला नाही, तरी त्याची वार्ता बाहेर गेली नाही. त्यामुळे कृमींच्या अभ्यासात मृत्यूची टक्केवारी सारखी आली, तरी माध्यमातील इंटरल्यूकिन-३३ मोजल्याशिवाय प्रयोग पूर्ण समजू नये.

सुरक्षितता आणि नोंदी

टॉक्सोप्लाझ्माचे काम जैवसुरक्षेच्या दुसऱ्या पातळीवर करावे. गर्भवती आणि प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या व्यक्तींनी जिवंत परजीवी हाताळू नये, सुईचा वापर शक्य तितका टाळावा आणि मांजराच्या विष्ठेतील ऊसिस्टवर ब्लीचचा भरवसा ठेवू नये, कारण त्यांचे कवच ते सहन करते. प्राण्यांवरील प्रयोगांना नैतिक समितीची परवानगी आधी घ्यावी.

सांख्यिकी मांडताना वेलची संख्या ही प्रयोगांची संख्या म्हणून लिहू नये. वेगळ्या दिवशी, वेगळ्या परजीवी-संवर्धनाने आणि वेगळ्या प्राण्याच्या किंवा रक्तदात्याच्या पेशींनी केलेला प्रयोगच स्वतंत्र धरावा. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजणाऱ्याला कोणता नमुना कोणत्या गटाचा हे माहीत नसावे. अहवालात परजीवीची स्ट्रेन, तिचे संवर्धन किती वेळा पुढे नेले होते, पेशीमागील परजीवींचे प्रमाण, प्रत्यक्षात बाधित झालेल्या पेशींची टक्केवारी आणि नमुना घेण्याचा तास या पाच गोष्टी प्रत्येक आकृतीखाली द्याव्यात. ‘अपोप्टोसिस’ हा शब्द कॅस्पेजांचा पुरावा असेल तेव्हाच वापरावा. तो नसेल, तर ‘पटलाची अखंडता गमावलेल्या पेशी’ किंवा ‘ॲनेक्सिन-धन पेशी’ असे जे मोजले तेच लिहावे.